प्रवरेकाठची बैलगाडी आणि चीनचं एक चाक

कोल्हार हे रस्त्यांचं गाव. नगर-मनमाड महामार्ग इथे पुलावरून प्रवरा ओलांडतो, घोटीहून संगमनेर-लोणीमार्गे येणारा रस्ता इथेच त्याला मिळतो, आणि नदीच्या अंगाने बेलापूरकडेही वाट फुटते. एका काठावर राहाता तालुक्यातलं कोल्हार बुद्रुक, पलीकडे राहुरी तालुक्यातलं कोल्हार खुर्द. उसाच्या दिवसांत या रस्त्यांवर ट्रक, ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रीघ लागते. गाडीमागे अडकलेला मोटारवाला कातावून हॉर्न वाजवत राहतो. पण या खोऱ्यात त्या गाडीची वहिवाट सगळ्यांत जुनी आहे. तिचा पुरावा कोल्हारहून प्रवाहाच्या दिशेने, बेलापूर मागे टाकून गेलं की प्रवरेच्या डाव्या काठावर सापडला. ती जागा म्हणजे दायमाबाद, श्रीरामपूर तालुक्यातली एक ओसाड पांढरी.

१९५८ मध्ये बी. पी. बोपर्डीकर यांनी ही पांढरी पुरातत्त्वज्ञांच्या नजरेस आणली. मग म. न. देशपांडे, १९७४ मध्ये एस. आर. राव आणि १९७५ ते १९७९ या काळात एस. ए. साळी यांनी तिथे उत्खननं केली. मातीच्या थरांत एकावर एक पाच वसाहती निघाल्या. सर्वांत खालची सावळदा संस्कृतीची, तिच्यावर उत्तर हडप्पा, मग दायमाबाद, माळवा आणि सर्वांत वर जोर्वे. इसवी सनापूर्वी सुमारे २२०० पासून १००० पर्यंत, म्हणजे बाराशे वर्षं इथे माणसं नांदत होती. ज्या जोर्वे गावावरून शेवटच्या संस्कृतीला नाव पडलं, ते इथून वर, संगमनेर तालुक्यात आहे. खाली नेवाशालाही तशीच वस्ती निघाली. प्रवरेचा काठ धरून चाललं तर महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांची गावं अशी ओळीने भेटत जातात.

दायमाबादचं नाव जगभर झालं ते मात्र कुदळीच्या एका घावाने. १९७४ मध्ये छबू लक्ष्मण भिल्ल हा गावचा माणूस एका झुडपाच्या बुंध्याशी खणत होता. मुळाशी धातू लागला. माती सारल्यावर चार ओतीव वस्तू बाहेर आल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेली गाडी. चारींचं मिळून वजन साठ किलोच्या पुढे. पुरातत्त्वाच्या ग्रंथांत या ठेव्याचं वर्णन पानं भरून येतं, पण ज्याच्या हाताने तो वर आला त्याचं नावही त्यासोबत घ्यायला हवं.

या चारींमधली गाडी नीट पाहण्यासारखी आहे. लांबी साधारण ४५ सेंटिमीटर, रुंदी १६. दोन भरीव चाकं, पुढे गेलेल्या लांब दांड्या, त्यांच्या टोकाला जू आणि जुवाला दोन बैल. गाडीत सोळा सेंटिमीटर उंचीचा माणूस ताठ उभा आहे. गाडी आणि बैल यांच्या मधल्या दांड्यांवर एक कुत्राही आहे. ओतणाऱ्याने तो का घडवला असेल, हे कोणत्याही गाडीवानाला सांगावं लागणार नाही. गाडी निघाली की घरचं कुत्रं बरोबर निघतंच. मेणाचा नमुना करून, त्यावर माती लिंपून, मेण वितळवून, उरलेल्या पोकळीत धातू ओतायची ही रीत. ज्याने मेणात हे बैल घडवले, त्याने जुंपलेली जोडी रोज पाहिली असली पाहिजे. जू मानेवर कुठे येतं, दांड्या कुठे मिळतात, हाकणारा कसा तोल सावरून उभा राहतो, हे त्याला ठाऊक होतं. बाकीचे तीन प्राणीही चाकांच्या संगतीतलेच आहेत. रेडा चार चाकांच्या चौथऱ्यावर उभा आहे, गेंड्याच्या पायांखालच्या पट्ट्यांना आस आणि चाकं आहेत. हत्तीचा चौथरा राहिला, त्याचे आस मात्र मिळाले नाहीत.

या वस्तूंच्या काळाबद्दल वाद झाला. त्या उत्खननाच्या थरात सापडलेल्या नसून आधीच वर आल्या होत्या. धातूत आर्सेनिकचं प्रमाण एक टक्क्याहून जास्त निघालं, आणि ताम्रपाषाणयुगातल्या इतर वस्तूंत असं मिश्रण आढळत नाही. या मुद्द्यावर डी. पी. अग्रवाल यांनी त्या पुष्कळ नंतरच्या ठरवल्या. देशपांडे, राव आणि साळी यांनी परिस्थितीजन्य पुराव्यावरून त्यांना उत्तर हडप्पा काळात, म्हणजे इसवी सनापूर्वी २००० ते १८०० च्या सुमारास बसवलं. हा दुसरा पक्ष अधिक पटतो. सिंधू खोऱ्यात मातीच्या खेळण्यातल्या गाड्या ढिगांनी सापडल्या आहेत आणि त्याच संस्कृतीची माणसं दायमाबादला येऊन राहिली होती. शिवाय घोड नदीकाठच्या इनामगावात एका रांजणावर बैल जुंपलेली गाडी कोरलेली मिळाली. जोर्वे काळातल्या कुंभाराला किंवा त्याच्या पोराला ओल्या भांड्यावर रेघोट्या ओढताना गाडी आठवावी, इतकी ती अंगणातली झाली होती.

म्हणजे निदान साडेतीन हजार वर्षांपूर्वी या मुलखात दोन चाकं, एक जू आणि दोन बैल हा मेळ बसला होता. तो पुढे मोडला नाही. ओझं वाहायची दुसरी एक तितकीच हुशार युक्ती मात्र इथे कधी रुजली नाही, ती चीनमध्ये फोफावली. एका चाकाची, माणसाने ढकलायची गाडी. ती तिथे का आली आणि इथे का आली नाही, हे पाहिलं की दोन्ही मुलखांची जमीन, जनावर आणि माणूस समोर उभे राहतात.

एका चाकाची गाडी सोपी म्हणून आधी आली असेल, असं वाटतं. घडलं उलट. चीनमध्ये शांग राजांच्या काळात, इसवी सनापूर्वी १२०० च्या सुमारास, आऱ्यांच्या चाकांचे घोड्यांचे रथ धावत होते. एकचाकी गाडीची पक्की चित्रं मिळतात ती त्यानंतर तेराशे वर्षांनी, हान घराण्याच्या उत्तरार्धात. सिचुआन प्रांतातल्या थडग्यांमधल्या विटांवर आणि भिंतींवर ती दिसते. शांतुंग प्रांतातल्या वू लियांग यांच्या स्मारकातलं शिल्प तर मन धरून ठेवणारं आहे. हे स्मारक इसवी सन १५१ चं. त्यावर तुंग युंग नावाच्या पितृभक्त मुलाची गोष्ट कोरली आहे. मुलगा शेतात राबतो आहे आणि म्हातारा बाप झाडाखाली एका चाकाच्या गाडीवर बसला आहे. बापाला घरी एकटं ठेवायचं नाही म्हणून मुलगा त्याला गाडीवर घालून शेतात आणतो. आपल्याकडे श्रावणबाळाच्या खांद्यावर कावड आली, तिकडे तुंग युंगच्या हाती एक चाक आलं. गरिबाघरची, एकट्या माणसाला झेपेल अशी ही गाडी होती, हे त्या दगडावरून स्वच्छ कळतं.

त्यानंतर शंभर वर्षांच्या आत ही युक्ती एका मोठ्या लढाईच्या कामी आली. हान साम्राज्य कोसळून तीन राज्यं झाली होती. नैर्ऋत्येला, आजच्या चेंगतूमधून कारभार पाहणारं शू हे त्यांतलं सर्वांत लहान. त्याचा प्रधान चूके लियांग (१८१-२३४) याने उत्तरेच्या बलाढ्य वै राज्यावर लागोपाठ स्वाऱ्या केल्या. मधे छिनलिंगचे डोंगर आडवे. त्यांच्या कड्यांना भोकं पाडून, त्यांत लाकडी तुळया ठोकून, वर फळ्या टाकून वाट केलेली असे. खाली दरी, वर कडा. या वाटेवर सैन्य जाऊ शके, त्याच्या मागून धान्य मात्र वेळेवर पोहोचत नसे. बैल नेला तर त्याच्यासाठी वैरणही न्यावी लागे, कारण कड्याला चिकटलेल्या फळ्यांवर चरायला गवत कुठलं? रुंद गाडी तर वळणावरच अडायची.

चूके लियांगने २३१ मध्ये ‘लाकडी बैल’ आणि २३४ मध्ये ‘वाहता घोडा’ वापरल्याची नोंद त्या काळाचा इतिहासकार चेन शौ याने केली आहे. या वाहनांच्या जुन्या वर्णनात आकडेही येतात. लाकडी बैलावर एका माणसाचं वर्षभराचं धान्य मावे, आणि जथ्याने चाललं तर दिवसाला वीस ली, म्हणजे साधारण आठ किलोमीटर मजल होई. माणूस फार थकत नसे, असंही त्यात म्हटलं आहे. हे वाहन नेमकं कसं होतं, यावर चिनी पंडित शतकानुशतकं वाद घालत आले. अकराव्या शतकातल्या काव छंग याने दोन्ही वाहनं एकचाकीच मानली. विसाव्या शतकात चिनी विज्ञानाचा मोठा इतिहास लिहिणाऱ्या जोसेफ नीडम यांनीही तोच अर्थ लावला. वाटेची रुंदी आणि वैरणीची अडचण पाहता तोच जुळतो.

पण यंत्राने सगळं साधलं नाही. २३१ च्या स्वारीत पाऊस लागला, मागून रसद पाठवायची जबाबदारी असलेल्या ली यान याच्याकडून धान्य वेळेत निघालं नाही, आणि चूके लियांगला जिंकत असताना माघार घ्यावी लागली. ली यानला पदावरून काढलं गेलं. २३४ मध्ये चूके लियांगने आधी धान्याचे साठे केले, मग तळ ठोकला आणि सैनिकांना वै नदीकाठी शेती करायला लावली. त्याच तळावर, वूचांग पठारावर, आजारपणाने त्याचा अंत झाला. आठ किलोमीटरच्या मजलेने रसद पोहोचवत एक राज्य दुसऱ्याशी किती काळ झुंजेल, हा हिशेब त्याच्या सगळ्या स्वाऱ्यांमागे दिसतो.

चिनी गाडीची खरी करामत चाकाच्या जागेत आहे. नंतरच्या काळात तिथे जी घडण सर्रास दिसते, तीत चाक मोठं असतं आणि ते गाडीच्या मधोमध येतं. दोन्ही बाजूंना पाट, त्यांवर माल किंवा माणसं. जवळजवळ सगळं वजन आसावर पडतं. ढकलणाऱ्याच्या खांद्यावरून पट्टा जातो, त्याने फक्त तोल सांभाळायचा आणि रेटा द्यायचा. युरोपात ही गाडी फार उशिरा, बाराव्या-तेराव्या शतकात दिसू लागते आणि तिचं चाक पुढच्या टोकाला असतं. फ्रान्समधल्या शार्त्र इथल्या चर्चच्या रंगीत काचेवर ती आहे. चाक पुढे असल्यामुळे ओझ्याचा मोठा वाटा हातांवर येतो. बांधकामावर थोड्या अंतरासाठी ती चालते, गावोगाव माल न्यायला नाही. चीनमधली गाडी दिवसभराच्या प्रवासाची होती. हान काळाचे रुंद राजरस्ते पुढे मोडकळीला आले तेव्हा भातखाचरांच्या बांधांवरून, हातभर रुंदीच्या पायवाटांवरून तिनेच मुलूख जोडून ठेवला. १७९४-९५ मध्ये डच वकिलातीबरोबर पेकिंगला गेलेल्या व्हान ब्राम याने तर शीड लावून वाऱ्यावर चालणाऱ्या अशा गाड्या पाहून लिहून ठेवल्या. १९४८-४९ च्या ह्वायहाय लढाईतही कम्युनिस्ट सैन्याचं धान्य लाखो शेतकऱ्यांनी अशाच गाड्यांवर रेटलं. चूके लियांगनंतर सतराशे वर्षांनीही ती कामाला आली.

आता इकडे यावं. दख्खनच्या पठारावर रसदीचा प्रश्न कमी बिकट नव्हता, पण त्याचं उत्तर चरणारं होतं. रस्ते नसलेल्या मुलखात धान्य आणि मीठ गोणीच्या बैलांवरून जाई. लमाण-वंजाऱ्यांचे तांडे हजारो बैल घेऊन गवताच्या मागाने चालत. बैल वाटेवरच पोट भरत, त्यामुळे त्यांच्या वैरणीचं ओझं कुणाला वाहावं लागत नसे. छिनलिंगच्या कड्यांवर जे अशक्य होतं ते इथल्या माळांवर फुकट होतं. १२ ऑगस्ट १८०३ ला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला आणि पुढच्या महिन्यात असईची लढाई जिंकली. त्याच्या पत्रव्यवहारात बैल आणि वंजारी यांचा विषय सतत येतो. पुरेसे बैल आहेत की नाहीत, यावर तो आपली मोहीम जोखत होता. चूके लियांगला हा लाभ असता, तर त्याला लाकडाचा बैल घडवावा लागला नसता.

बैलगाडी होती, पण लांबच्या वाटेवर ती फार कामाची नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दख्खनमधल्या गाड्या अवजड, भरीव चाकांच्या होत्या. दायमाबादच्या ओतीव गाडीची चाकंही भरीवच आहेत, हे इथे आठवावं. १८३० मध्ये बोरघाटातून, म्हणजे खंडाळ्याच्या घाटातून, गाडीरस्ता खुला झाला. त्याच दशकात गेसफर्ड नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याने सोलापूर जिल्ह्यातल्या टेंभुर्णीला हलक्या, सुधारित गाड्या घडवायला सुरुवात केली. रस्ता आणि हलकी गाडी एकदम आल्या आणि गोणीच्या बैलांचा धंदा बसत गेला. वंजाऱ्यांच्या पुढच्या हालांची सुरुवात इथे आहे.

एक चाक इथे आणण्याचा प्रयत्न झाला तो रेल्वेच्या बांधकामावर. इंग्रज अभियंत्यांनी मातीकामासाठी एकचाकी गाड्या दिल्या आणि मजुरांनी त्या भरून डोक्यावर घेतल्या, असा किस्सा तेव्हापासून हसत हसत सांगितला जातो. तो सांगणाऱ्यांनी कामाची पद्धत पाहिली नाही. मातीकाम कुटुंबावर चालत असे. पुरुष कुदळ मारी, बायका आणि पोरं पाट्या वाहत, आणि मोल मिळे ते टोळीने उचललेल्या मातीवर. पाटी बुरुडाकडे मिळे, लहान पोरालाही झेपे, उभ्या चढावर आणि दगडांतून चाले. गाडीला सपाट फळी लागते आणि एक धट्टाकट्टा माणूस त्यातच गुंततो, तेवढ्या वेळात खणायचं कुणी? खंडाळ्याच्या घाटात १८५६ पासून १८६३ पर्यंत हेच चाललं. साधारण पंचवीस किलोमीटरच्या चढात पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल. १८५९ मध्ये ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात येताच वारला, तेव्हा त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ठेका पुढे चालवला. १८६१ च्या सुरुवातीला कामावर बेचाळीस हजार माणसं होती. पटकीने किती मेली याची मोजदादही नीट नाही. त्या घाटाची माती चाकावरून नव्हे, बायकापोरांच्या डोक्यावरून हलली.

नगर जिल्ह्यातही तेच झालं. दौंड-मनमाड रेल्वे १८७८ मध्ये सुरू झाली. तिचा भराव १८७६-७७ च्या दुष्काळात खडी फोडून आणि माती वाहून पोट भरणाऱ्यांनी घातला. १९७२ च्या दुष्काळात पाझर तलाव आणि रस्त्यांच्या कामांवर पुन्हा तीच रांग, तीच घमेली. रेल्वे कोल्हारला शिवली नाही, ती बेलापूर रोडवरून, आजच्या श्रीरामपूरवरून गेली. त्यामुळे कोल्हारचा माल स्टेशनपर्यंत न्यायला गाडीच लागे.

त्या गाडीचं चाक आता सुधारलेलं होतं. सुतार बाभळीच्या लाकडाचा तुंबा घडवी, त्यात आरे ठोकी, आऱ्यांवर पुठ्ठे बसवी. मग लोहाराचं काम. चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान लोखंडी धाव गोवऱ्यांच्या गोल भट्टीत लाल होईपर्यंत तापवायची, तीन-चार जणांनी सांडशीने उचलून चाकावर बसवायची, घणाने ठोकायची. लाकूड धुरकटून पेट घेऊ लागतं तोच पाणी ओतायचं. धाव आवळते आणि सगळे सांधे कुरकुरत एकमेकांत घट्ट रुततात. खिळा नाही, डिंक नाही. आवळण्याचा अंदाज चुकला तर आरे तडकतात, सैल राहिला तर उन्हाळ्यात धाव निसटते. गावच्या लोहार-सुतारांची किंमत त्या एका घटकेत कळे.

या गाड्यांना खरं काम मिळालं ते पाण्यामुळे. प्रवरेवर भंडारदऱ्याचं धरण १९१० ते १९२६ या काळात बांधलं गेलं, कालवे आले, ऊस आला. हरेगावला बेलापूर कंपनीचा खासगी कारखाना निघाला. मग लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५० च्या अखेरीस त्याचं गाळप सुरू झालं. तोडलेला ऊस पडून राहिला की त्यातली साखर घटते, म्हणून फडापासून गव्हाणीपर्यंतचा प्रवास झटपट व्हावा लागतो. तो प्रवास बैलांनी केला. लोखंडी धावेच्या जागी रबरी टायर आला, टायरगाडी कारखान्याची आणि बैल मजुराचे, अशी रीत पडली. बीड आणि पाथर्डीकडून दसरा-दिवाळीला कुटुंबंच्या कुटुंबं येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. बैलगाडीवाल्यांच्या ‘गाडी सेंटर’वर पहाटे फडात तोड, दुपारी भरणी, मग दोन-तीन टनांची गाडी हाकत कारखान्याच्या काट्यावर रांग. नंबर लागेपर्यंत रात्र होते, बैल जुवाखालून सोडून तिथेच वैरण टाकतात.

डोकी सेंटरवर गाडी आणि बैल नसतात. तिथे मोळ्या ट्रकमध्ये भरायच्या असतात. ट्रकच्या फाळक्याला अरुंद फळी लावतात आणि बाई डोक्यावर मोळी घेऊन तिच्यावरून चढते, टाकते, उतरते, पुन्हा वाकते. खंडाळ्याच्या घाटात हेच होतं. घरची माणसं एकत्र राबतात, मोल ओझ्यावर ठरतं, आणि चढ आला की चाक थांबून मान पुढे होते. ऊसतोडणीची यंत्रं आली आहेत, ट्रॅक्टरला जोडलेले छकडे वाढले आहेत, तरी हंगामात कोल्हार-लोणीच्या रस्त्यावर टायरगाड्या अजून दिसतात. गाडीवान पुढे, बायको उसावर, आणि गाडीच्या सावलीत पळणारं कुत्रं.